शेवटचं तपासलं कधी?

बाहेरगावच्या मित्रांसाठी ‘पुण्यात कुठे खायचं, कुठे राहायचं’ची लिस्ट बनवायला एक दुपार पुरते. ती खरी ठेवायला मात्र थोडी शिस्त लागते. ही शिस्त काय असते, ते बघू या.

‘पुण्यात येतोय रे, स्वस्तात राहायचं-जेवायचं कुठे?’ हा मेसेज तुम्हाला वर्षातून चारदा तरी येत असणार. कधी पुरुषोत्तमच्या महाअंतिम फेरीला येणारी बाहेरगावची टीम असते, कधी परीक्षेचं सेंटर पुण्यात आलेली चुलत बहीण, कधी ॲडमिशनसाठी वडिलांसोबत येणारा शाळेतला मित्र. मग आपण काय करतो? सीनियर्सकडून आलेली ती ‘पुणे गाईड’ची पीडीएफ शोधतो आणि फॉरवर्ड करून मोकळे होतो. ती बनवली कुणी, कधी, त्यातल्या किती ठिकाणी तो माणूस स्वतः गेला होता, हे कुणालाच माहीत नसतं.

फॉरवर्ड करायला दोन सेकंद लागतात. पण त्या यादीवर विसंबून पहाटे साडेपाचला स्वारगेटला उतरणाऱ्या मुलीचं काय? दहा वाजता पेपर आहे, हातात बॅग आहे आणि यादीतला लॉजचा नंबर ‘अस्तित्वात नाही’. तुमच्या-माझ्यासाठी ती एक जुनी पीडीएफ असते. तिच्यासाठी त्या सकाळचा सगळा प्लॅन त्याच्यावर उभा असतो.

म्हणूनच प्रवासी गाईडमधली हॉटेलची नोंद विश्वासाची कशी ठेवायची, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा बराच गंभीर आहे. आणि त्यावर जगात गेली सव्वाशे वर्षं डोकं चालवलं जातंय.

खोटं कुणीच बोललं नाही, तरीही…

नोंद चुकीची ठरायला कुणी खोटं बोलावंच लागतं असं नाही. नुसता वेळ गेला तरी पुरतं. समजा, जुन्या यादीत लिहिलंय, ‘शिवाजीनगर एसटी स्टँडपासून चालत दोन मिनिटं’. लिहिलं तेव्हा ते शंभर टक्के खरं होतं. पण मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस ते स्टँड वाकडेवाडीला हलवलं गेलं. लॉज जागचं तसूभरही हललं नाही, मालकाने काही बदललं नाही, लिहिणाऱ्यानेही काही लपवलं नव्हतं. तरी ती ओळ एका रात्रीत चुकीची झाली आणि ती वाचून वाकडेवाडीला उतरणाऱ्याच्या नशिबी तंगडतोड आली.

मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीतलं ‘कॅफे समोवार’ पन्नासेक वर्षं चाललं आणि २०१५ मध्ये बंद झालं. आता त्याआधी छापलेलं कुठलंही मुंबई गाईड उघडा. समोवार तिथे अजून सुरूच असणार, चहा-पराठ्यासकट! कागदावरचं हॉटेल कधी बंद पडत नाही, हीच मोठी अडचण आहे.

पुण्याचं तर आणखी वेगळं. इथे ‘दुपारी १ ते ४ बंद’वर कितीही विनोद झाले, तरी यादीत ती ओळ नसेल तर भुकेल्या माणसाला विनोद कळत नाही. एकाच नावाची तीन-तीन हॉटेलं, त्यातलं मूळ कोणतं यावरून वाद, एकाचा आठवड्याचा सुट्टीचा वार वेगळा, दुसऱ्याकडे मिसळ सकाळीच संपते. ‘आमची कुठेही शाखा नाही’ या पाटीवर आपण मीम्स बनवतो. पण नीट बघितलं तर गाईड लिहिणाऱ्यासाठी त्याहून कामाची पाटी नाही. पत्ता एकच, दावा एकच आणि कुणीही जाऊन तपासावा असा.

बागेतल्या शेडचं हॉटेल

आता मुद्दाम केलेल्या बनवाबनवीकडे येऊ. लंडनच्या ऊबा बटलर या तरुणाने २०१७ मध्ये एक गंमत केली. तो ज्या बागेतल्या शेडमध्ये राहायचा, तिचंच त्याने ट्रिपॲडव्हायझरवर हॉटेल करून टाकलं. नाव ‘द शेड ॲट डलिच’. जेवणाचे फोटो झकास होते. फक्त त्यातला फेस दाढीच्या साबणाचा होता आणि एका डिशमध्ये तर चक्क त्याची स्वतःची टाच होती! रिव्ह्यू मित्रमंडळींनी लिहिले. फोन आला की ‘सॉरी, पुढचे कित्येक आठवडे फुल आहोत’ एवढंच सांगायचं.

सुरुवातीला लंडनमध्ये या शेडचा नंबर १८,१४९ वा होता. सहा-सात महिन्यांत तो पहिला झाला. एकही ताट न वाढता. हाच बटलर त्याआधी पैसे घेऊन हॉटेलांचे खोटे रिव्ह्यू लिहायचा, त्यामुळे यंत्रणा कुठे गंडते हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ही तर एका तरुणाची मस्करी झाली. पण २०१५ मध्ये इटलीतल्या एका खाद्यविषयक मासिकानेही गार्डा सरोवराकाठच्या एका गावात ‘ला स्कालेत्ता’ नावाचं, अस्तित्वातच नसलेलं हॉटेल असंच पहिल्या नंबरवर नेऊन दाखवलं होतं. त्याच देशात २०१८ मध्ये लेच्चे शहरातल्या न्यायालयाने खोटे रिव्ह्यू विकणाऱ्या एकाला नऊ महिन्यांची कैद सुनावली. मस्करी आणि गुन्हा यांच्यात फारसं अंतर नसतं. बटलरने त्या शेडच्या नावावर आगाऊ पैसे घेतले असते, तर त्याला कुणी हसलं नसतं.

या सगळ्यातून आपल्या कामाची गोष्ट ही की, स्टार आणि रिव्ह्यूंची संख्या हा पुरावा नाही. ‘त्या जागी मी स्वतः गेलो होतो’ असं सांगणारा, तुमच्या ओळखीचा एक माणूस शंभर अनोळखी पाच-स्टारांना भारी पडतो.

ज्यांचं नाव मोठं, तेही चुकतात

मिशेलीनचे स्टार तुम्ही ऐकले असतील. मुळात ही टायर बनवणारी फ्रेंच कंपनी. लोकांनी गाड्या जास्त फिरवाव्यात, म्हणजे टायर जास्त झिजतील, या हिशेबाने त्यांनी १९०० मध्ये वाहनचालकांसाठी एक गाईड काढलं आणि फुकट वाटलं. पुढे १९२० मध्ये त्यांनी दोन गोष्टी केल्या. गाईडला सात फ्रँक किंमत लावली आणि आतल्या जाहिराती बंद केल्या. म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, वाचणाऱ्याकडून घ्यायचे. स्टार आले ते त्यानंतर, १९२६ मध्ये. त्यांचे इन्स्पेक्टर ओळख न सांगता जातात आणि आपलं बिल आपणच भरतात, ही या गाईडची खरी पुण्याई.

तरीही २००५ मध्ये बेल्जियम-नेदरलँड्स-लक्झेंबर्गच्या आवृत्तीत एक घोळ झालाच. ऑस्टेंडमधल्या एका हॉटेलची शिफारस छापून आली. पण गाईडचं काम चालू होतं, तेव्हा ते हॉटेल उघडलेलंच नव्हतं! बोभाटा झाल्यावर मिशेलीनला ती आवृत्ती बाजारातून मागे घ्यावी लागली. सगळ्यांत कडक म्हणवणाऱ्या गाईडमध्ये, न बघितलेल्या हॉटेलची नोंद. आणि आता तर काही देशांची पर्यटन खातीच त्यांच्याकडे गाईड काढावं म्हणून मिशेलीनला पैसे देतात. त्यामुळे नाव कितीही मोठं असो, तुम्ही दोन प्रश्न विचारायचेच. हे लिहिणारा तिथे गेला होता का? आणि त्याला पैसे कुणी दिले?

फुकट काम करणाऱ्यांचे नियम

याच्या अगदी उलट टोकाला ‘विकिव्हॉयेज’ आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनकडे २०१३ पासून असलेलं हे प्रवासी गाईड. इथे पगारी इन्स्पेक्टर नाहीत, कुणीही येऊन लिहू शकतं. मग तिथे जाहिरातींचा उकिरडा का होत नाही? कारण त्यांनी काही साधे नियम ठरवलेत आणि स्वयंसेवक ते पाळून घेतात.

पहिला नियम, प्रवाशाचं हित सगळ्यांत आधी. हॉटेलवाल्याने स्वतःच्या हॉटेलची नोंद केली तरी चालते, पण माहिती द्यायची, जाहिरात करायची नाही. ‘सर्वोत्तम’, ‘अविस्मरणीय’ असली विशेषणं दिसली की ती छाटली जातात. लिंक द्यायची ती हॉटेलच्या स्वतःच्या साइटची; मधल्या बुकिंग एजंटची नाही. कायमचं बंद झालेलं ठिकाण यादीतून काढून टाकायचं. प्रत्येक नोंदीत ती शेवटची कधी तपासली, याची तारीख लिहायला जागा ठेवलेली असते. आणि याद्या फार लांबवायच्या नाहीत, एका विभागात साधारण पाच ते नऊ नावं.

हा शेवटचा नियम बघून आश्चर्य वाटेल. पण विचार करा, साठ हॉटेलांची यादी तपासत राहणं कुणाला जमणार आहे? सात ठिकाणं असतील तर एका संध्याकाळी सात फोन होतात. लांब यादी भारी दिसते, पण ती दरवर्षी थोडी-थोडी शिळी होत जाते.

राहायच्या जागेचं गणित वेगळं

आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हटलं की आधी खाणं आठवतं आणि राहायचं असेल तर ‘लॉज’. यादी करताना हा फरक जपायला हवा, कारण दोन्हीतल्या चुकीची किंमत सारखी नाही. मिसळ आवडली नाही तर शंभर-दीडशे रुपये गेले. राहायची जागा फसवी निघाली तर अख्खी रात्र रस्त्यावर.

त्यात फोन नंबर ही सगळ्यांत नाजूक गोष्ट. ऑनलाइन नकाशांवर ‘बदल सुचवा’ची सोय असते. ती चांगल्या हेतूने ठेवलेली आहे, पण भामटेही तीच वापरतात. २०१८ मध्ये ठाण्यात असा प्रकार उघडकीला आला होता. नकाशावरच्या बँक शाखेचा नंबर भलत्याच माणसाने बदललेला. लोक विश्वासाने फोन करायचे आणि समोरचा गोड बोलून कार्डाचे तपशील काढून घ्यायचा. हीच युक्ती हॉटेल बुकिंगच्या नावानेही चालते. फोटो खरे, नाव खरं, नंबर मात्र भामट्याचा. ‘रूम होल्ड करायची तर आत्ताच क्यूआरवर अर्धे पैसे टाका’ असं घाईघाईने कुणी म्हणालं, की तिथेच थांबायचं. नंबर दोन वेगळ्या ठिकाणांहून पडताळायचा. शक्य असेल तर गावातल्या मित्राला प्रत्यक्ष डोकावून यायला सांगायचं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा.

शिवाय लॉजच्या नोंदीत आपण भाडं लिहितो आणि खरे प्रश्न विसरतो. चेकआउट दुपारी बाराला की चोवीस तासांच्या हिशेबाने? एकट्या मुलीला खोली देतात का? त्याच शहराचा पत्ता असलेलं आधार कार्ड चालतं का? एका खोलीत तिघं राहिले तर जादा किती? गरम पाणी किती ते किती? रात्री गेट कितीला बंद होतं? पहाटे पोचणाऱ्याला ‘छान, स्वच्छ, बजेट-फ्रेंडली’ या तीन शब्दांपेक्षा या सहा उत्तरांचा उपयोग जास्त.

तुमची यादी अशी करा

कॉलेजच्या फेस्टसाठी बाहेरच्या टीम येणार असतील किंवा नुसत्या भावंडांसाठी यादी करायची असेल, तरी पद्धत एकच. आधी ही ओळ वाचा.

‘अमुक भोजनालय. एकदम घरगुती चव, रेट रिझनेबल, मस्ट ट्राय!’

आता ही वाचा.

‘अमुक भोजनालय (पाटीवर हेच नाव). बस स्टॉपसमोरच्या बोळात, पहिला मजला, लिफ्ट नाही. शाकाहारी. राइसप्लेट लिमिटेड, तीन पोळ्या; जादा पोळीचे वेगळे पैसे. सकाळी ११ ते ३, संध्याकाळी ७ ते १०. रविवारी संध्याकाळी बंद. यूपीआय चालतं. मेनूकार्डाचा फोटो सोबत. आम्ही दोघं जेवलो, बिल आम्ही भरलं. तपासलं : अमुक तारीख.’

दुसरी ओळ वाचताना तोंडाला पाणी सुटत नाही, मान्य. पण पाय दुखणाऱ्या आजीला घेऊन आलेल्या माणसाला पहिल्या मजल्याचं आधीच कळतं. रविवारी रात्री कुणी उपाशी परतत नाही. आणि सहा महिन्यांनी भाव वाढलेला दिसला, तर तारीख बघून त्याचं कारणही कळतं.

खाण्याच्या जागेबाबत आणखी एक सोपी पडताळणी आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक. तो हॉटेलमध्ये लावलेला असायला हवा आणि बिलावरही छापलेला असायला हवा. एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर तो टाकून बघता येतो. नाव-पत्ता जुळतो का, परवाना चालू आहे का, ते कळतं. चव कशी आहे, हे त्यात कळत नाही. पण अशी जागा खरोखर आहे आणि तिची कुठेतरी नोंद आहे, एवढं तरी नक्की होतं. बागेतल्या शेडचं हॉटेल इथे अडकलं असतं.

यादी एकाने करायची आणि दुसऱ्याने तपासायची, हेही ठरवून टाका. मामाचं हॉटेल असेल तर ते यादीत टाकायला हरकत नाही. फक्त त्याची नोंद तुम्ही लिहायची नाही, मित्राने लिहायची. हॉटेलवाल्याने ‘फेस्टच्या गाईडमध्ये टाका, कोअर टीमला पार्टी देतो’ असं म्हटलं, तर ती जाहिरात झाली. छापायची तर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहून वेगळ्या पानावर छापा. स्पॉन्सर आणि शिफारस एकाच चौकटीत आले, की उरलेल्या सगळ्या नावांवरचाही विश्वास उडतो.

तुमच्या एका स्टारचं वजन

आता थोडं समोरच्या बाजूनेही बघू. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी सिएटलमधल्या हॉटेलांचा आणि ‘येल्प’वरच्या रेटिंगचा अभ्यास २०११ मध्ये मांडला. एक स्टार वाढला की हॉटेलचं उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. पण हा परिणाम स्वतंत्र, छोट्या हॉटेलांवर होता. मोठ्या साखळी हॉटेलांना फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे चिडून दिलेला एक स्टार कुणाला लागतो? बर्गरच्या कंपनीला नाही, तर कोपऱ्यावर पोळी-भाजी विकणाऱ्या काकूंना.

तेव्हा एका वाईट संध्याकाळीवरून निकाल देऊ नका. त्या दिवशी आचारी गावाला गेला असेल. परत एकदा जा किंवा दुसऱ्या कुणाला जाऊ द्या. वाईट लिहायचंच असेल तर घडलं ते लिहा. ‘थर्ड क्लास’ लिहिण्यापेक्षा ‘ऑर्डर दिल्यावर चाळीस मिनिटं लागली, तारीख अमुक’ हे वाचणाऱ्याच्याही कामाचं आणि मालकालाही सुधारता येण्यासारखं. आणि ‘पाच स्टार द्या, कोल्ड कॉफी फ्री’ अशी ऑफर काउंटरवर दिसली, तर कॉफी स्वतःच्या पैशांनी प्या.

आपल्याकडे यावर सरकारी मानकही आहे. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक २०२२ मध्ये आणलं. रिव्ह्यू विकत घेऊ नयेत, लिहिणारा खरा आहे का ते तपासावं, नको असलेले रिव्ह्यू सोयीने दाबू नयेत, असा त्याचा रोख आहे. पण ते आलं तेव्हा ऐच्छिक म्हणून आलं. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. या सगळ्या सोयी असाव्यात आणि आहेतही, पण त्या बहुतेक वेळा फसल्यानंतर उपयोगी पडतात. फसण्याच्या आधी उपयोगी पडते ती कुणीतरी नुकतीच तपासलेली एक ओळ.

तर या शनिवारी एवढंच करा. तुमच्या फोनमधली ती ‘पुणे गाईड’ उघडा, किंवा तुमच्या गावाची जी असेल ती. त्यातली सगळी नाही, फक्त सात ठिकाणं निवडा. फोन लावा, लागला नाही तर जाऊन या. बंद असेल ते खोडा. बदललेला भाव आणि सुट्टीचा वार लिहा. खाली तपासणाऱ्याचं नाव आणि तारीख टाका. मग ती ज्युनियर्सच्या ग्रुपवर पाठवा आणि सोबत एक ओळ लिहा : ‘जूनमध्ये पुन्हा तपासायची पाळी तुमची.’